खंडेनवमीच्या आठ दिवस आधी

बाळूकाका,

तुमच्या दशक्रियेला मी खोटं बोलले. इंद्रायणीच्या घाटावर, मांडवात बसलेल्या दोन-अडीचशे माणसांसमोर, हातात माईक घेऊन. प्रवचन संपलं होतं, गावच्या चार-सहा जणांनी श्रद्धांजली वाहिली होती, आणि तुमचा प्रकाश माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मीनाताई, तू बोल दोन शब्द. बाबांना तू पोरीसारखी होतीस." मी नको म्हणाले. मग बायकांच्या घोळक्यातून प्रकाशच्या आईने, हौसाकाकूंनी, माझ्याकडे पाहिलं. त्यांना नाही म्हणता येईना.

मी शेंगांबद्दल बोलले. चऱ्होलीच्या तुमच्या रानात आश्विनात भुईमूग उपटायचा असायचा, तेव्हा तुम्ही भोसरीहून मला सायकलच्या नळीवर बसवून आणायचा, ते सांगितलं. कंपनीतल्या साध्या सोबत्याच्या मुलीला तुम्ही स्वतःच्या लेकीसारखं वागवलं, असं म्हणाले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी उपरण्याने डोळे पुसले. माझा शब्दन् शब्द खरा होता, काका. तरीही ते सगळं खोटं होतं, आणि त्या मांडवात हे फक्त मला माहीत होतं.

आम्हाला सुगी नव्हती. अण्णा लातूरकडचं गाव सोडून आले ते थेट भोसरीच्या कंपनीत, लेथ मशीनवर. आमची पत्र्याची एक खोली, पुढे गटार, मागे दुसऱ्याची पत्र्याची खोली. पाऊस सरला की आमच्या घरात एवढाच फरक पडायचा की आई गोधड्या बाहेर वाळत घालायची. तुम्ही अण्णांच्या शेजारच्या मिलिंग मशीनवर. तुमचं घर चऱ्होलीत, रान चऱ्होलीत, म्हैस चऱ्होलीत. तुम्ही पहिल्या पाळीला कंपनीत आणि दुपारनंतर रानात. अण्णा म्हणायचे, बाळूला दोन जन्म एकाच दिवसात मिळाले.

मला शरद ऋतू तुम्ही दिलात. शाळेच्या पुस्तकात तो एक शब्द होता. तुमच्या रानात तो बांधावरच्या पिवळ्या सोनकीत होता, उपटलेल्या वेलाच्या मुळांना चिकटलेल्या ओल्या मातीत होता, आणि डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या चतुरांत होता. ऊन चटके द्यायचं, पण विहिरीकडून येणारं वारं गार असायचं. काकू वेलाचा ढीग करून त्याला तिथेच आग लावायच्या आणि आम्ही पोरं काळ्या राखेतून शेंगा वेचून खायचो. तोंडं काळी व्हायची. संध्याकाळी घरी सोडताना तुम्ही आईला म्हणायचा, "वहिनी, पोरगी धुऊन घ्या, पोट भरलंय तिचं."

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कंपनी. वर्षातून त्या एकाच दिवशी आम्हाला फाटकातून आत सोडायचे. एरवी बाहेरून जी नुसती घरघर ऐकू यायची ती त्या दिवशी बंद. एवढी मोठी शेड आणि त्यात कोणी शिंकलं तरी ऐकू येईल इतकी शांतता. मशीनं डिझेलने पुसलेली, प्रत्येकाला झेंडूची माळ, प्रत्येकापुढे नारळ. खाली ट्रेमध्ये दुधासारखं पांढरं पाणी असायचं. मी एकदा विचारलं होतं, हे मशीन दूध पितं का. तुम्ही हसलात आणि म्हणालात, व्हय, म्हणून तर एवढं काम करतंय. ते मशीन थंड ठेवणारं कूलंट असतं हे मला बरंच उशिरा कळलं.

मी सहावीत होते त्या वर्षी तुम्ही मला उचलून घेतलंत आणि मशीनच्या वरच्या भागाला कुंकू लावायला लावलंत. ते मशीन तुमचं होतं की अण्णांचं, यावर आपण पुढे किती वर्षं भांडलो. मी म्हणायचे लेथ, तुम्ही म्हणायचा मिलिंग. लेथ एवढी उंच नसते, हा तुमचा मुद्दा. मी एवढी उंच नव्हते, हा माझा. अण्णांनी निकाल दिला असता, पण त्यांनी त्या वर्षानंतर कंपनीचं नावच काढलं नाही.

कारण त्या दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी अण्णा पाळीला गेले आणि तासाभरात परत आले. फाटकावर त्यांचं हजेरीचं कार्डच नव्हतं. वॉचमनने आत सोडलं नाही. आणखी चौघांचं तसंच झालं. हे पाच जण, तुम्ही आणि सावंतकाका असे सात जण आमच्या खोलीत रविवारी जमायचे. नवी युनियन काढायची होती. आई चहा करायची आणि मला दाराबाहेर बसवायची, कोणी आलं तर खोकायचं म्हणून. ती सात नावं फक्त त्या सात जणांना माहीत होती. पाच गेली, दोन राहिली.

तुम्ही राहिलात याचं कोणाला नवल वाटलं नाही. तुम्ही इथले. गावच्या माणसाला काढायला कंपनी बिचकते, असं सगळेच म्हणाले. सावंतकाका कोकणातले, त्यांचं इथे कोणी नव्हतं, तरी ते राहिले. आणि तुम्ही आमच्या खोलीत अण्णांच्या समोर बसून खाली मान घालून म्हणालात की दसऱ्याच्या आधी तुम्ही सावंतांना साहेबाच्या केबिनमधून बाहेर पडताना पाहिलं होतं. मी तिथेच होते. मला अजून आठवतं, अण्णांनी कप खाली ठेवला तो कपबशीत नाही, जमिनीवर ठेवला.

सावंतकाकांची रेखा माझ्या बाकावर बसायची. आम्ही हादग्याच्या सोळा दिवसांत एकमेकींच्या घरची खिरापत ओळखायचो आणि मुद्दाम चुकीचं नाव सांगायचो, म्हणजे खेळ लांबतो. दुसऱ्या दिवशी शाळेत मी दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर गेले. तिने कारण विचारलं. मी वर्गात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की हिच्या बाबांनी माझ्या बाबांची नोकरी घालवली. तिला ते माहीतच नव्हतं, तिने घरी जाऊन विचारलं असेल. पुढे महिनाभर ती एकटी बसली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी खोली सोडली आणि ते कोकणात गेले. मी निरोप द्यायला गेले नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता, काका.

अण्णांनी नंतर लहान वर्कशॉपमध्ये कामं केली, मग एका सोसायटीच्या दाराशी बसले. चांगला टर्नर होता माझा बाप, हे तुम्हीच सांगायचा. ते चिडके झाले, घुमे झाले. दसऱ्याला घरातल्या पान्या-पक्कडीची पूजासुद्धा करू द्यायचे नाहीत. पण तुम्ही आलात की बोलायचे. तुम्ही दर दिवाळीला शेंगांचं पोतं आणि बाजरी घेऊन यायचा. अण्णांना टायफॉइड झाला तेव्हा स्कूटरवर मागे बांधून दवाखान्यात नेलंत. माझ्या लग्नात मामाच्या जागी तुम्ही उभे होतात. बारा वर्षांपूर्वी अण्णा गेले, तेव्हा पहिला खांदा तुमचा होता.

अण्णा गेल्यावर मला तुमच्याशिवाय ते दिवस आठवणारं कोणी उरलं नाही. आईला ती खोली आठवली की रडू येतं, ती तो विषय टाळते. माझ्या मुलांना दसरा म्हणजे सेल आणि सुट्टी. म्हणून मी दर वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी तुमच्याकडे यायचे. रान गेलं होतं, त्यावर इमारती झाल्या होत्या आणि त्यातल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर तुम्ही राहत होता. काकू बाजारातून ओल्या शेंगा आणून उकडायच्या. आपण गॅलरीत बसायचो. तुम्ही खाली बोट दाखवून सांगायचा, ती पांढरी गाडी उभी हाय ना, तिथं विहीर. ती पोरं खेळत्यात तिथं भुईमूग. मी डोळे बारीक करून बघायचे आणि मला खरंच दिसायचं. वर्षभर नोकरी, कर्जाचे हप्ते, मुलांच्या परीक्षा यांत पिचून गेलेली मी त्या दोन-तीन तासांवर पुढचं वर्ष काढायचे. तेव्हा माणसं सरळ होती, आपण म्हणायचो. तुम्हीही म्हणायचा. हे मला आता सगळ्यात जास्त लागतं. तुम्हीही माझ्याबरोबर म्हणायचा.

गेल्या वर्षीच्या त्या रविवारी काकू देवळात गेल्या होत्या. तुमची अँजिओप्लास्टी होऊन महिना झाला होता. मी नेहमीसारखी सुरुवात केली, की काका, लेथच होती ती. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मीने, एक सांगायचं ऱ्हायलंय. तुझ्या अण्णाचं नाव मी दिलं व्हतं."

मला आधी कळलंच नाही कुठलं नाव. तुम्ही खाली बघत सांगत गेलात. साहेबाने बोलावलं होतं, खंडेनवमीच्या आठ दिवस आधी. त्या महिन्यात तुम्हाला कायम करणार होते. साहेब म्हणाला, तू इथला माणूस, तुला इथंच राहायचं आहे, कोण कोण जमतात तेवढं सांग. तुम्ही पाच नावं सांगितल्यावर तो म्हणाला, पुरे. त्यामुळे सावंतांचं नाव राहून गेलं. ते केबिनमध्ये गेले होते ते आई आजारी म्हणून रजा मागायला. हेही तुम्हाला तेव्हाच माहीत होतं.

मी विचारलं, अण्णांना कळलं होतं का. तुम्ही मान हलवली. "न्हाई. लई येळा सांगाया गेलो. त्यो पुढं चहा ठिवायचा आन माझी जीभ उचलायची न्हाई."

मी विचारलं, मग आता मला का सांगितलंत. तुम्ही म्हणालात, "छातीवर दगड व्हता. आता हलकं वाटतंय."

तुम्हाला हलकं वाटलं, काका. मी लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही, सात मजले जिन्याने उतरले, आणि खाली त्या पार्किंगमध्ये, जिथे विहीर होती म्हणायचो तिथे, मला गाडीची किल्ली सापडेना. ती माझ्या हातातच होती.

मला राग कशाचा आला हे तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता वर्षभर विचार करून सांगते. तुम्ही घाबरलात, हे मी समजू शकते. मी पण नोकरी करते, साहेब लोक कसे बोलावतात आणि कसे गोड बोलतात ते मला माहीत आहे. पण आठच दिवस आधी अण्णांचं नाव देऊन आलेल्या हातांनी तुम्ही मला उचललंत आणि म्हणालात, लाव कुंकू, देवाला लाव. माझ्या लहानपणातली सगळ्यात उजळ आठवण ती होती. अण्णा शेजारी उभे राहून हसत होते. मी ती आठवण इतकी वर्षं सांभाळली, मुलांना सांगितली, दर वर्षी तुमच्यासमोर उलगडून बसले. आणि तुम्ही समोर बसून तिच्यात भर घालत राहिलात. मला वाटायचं आपण दोघं मिळून तिची राखण करतोय.

आता त्या पोत्यांचंही मला कोडं पडलं आहे. ती बाजरी, ती स्कूटर, लग्नातला तो आंतरपाट. त्यात माया किती होती आणि भरपाई किती? कधी वाटतं सगळीच माया होती, म्हणून तर तुम्ही इतके आलात. नुसती भीती वाटली असती तर तुम्ही दूर राहिला असता. मग वाटतं, हा विचार मी तुमच्या सोयीचा करते आहे. हे मला तुम्हाला विचारायचं होतं. समोर बसवून, भांडून विचारायचं होतं. पण मी भांडले नाही. तुमचे फोन आले, मी उचलले नाहीत. संक्रांतीला तुम्ही काकूंच्या फोनवरून केलात, तुमचा आवाज ऐकून मी ठेवून दिला. पाडव्याला प्रकाशबरोबर आंबे पाठवलेत, ते मी कामवाल्या मावशींना देऊन टाकले. मनात म्हणत होते, थांबा जरा, तुम्हीही वाट बघा. दसऱ्यानंतरच्या रविवारी येईन आणि सगळं विचारेन. मी तारीखसुद्धा ठरवली होती.

भाद्रपद संपता संपता प्रकाशचा फोन आला की बाबांना आयसीयूत ठेवलं आहे, तुझं नाव घेतायत. मी म्हणाले, येते. त्या दिवशी गेले नाही. दुसऱ्या दिवशी साडी नेसून तयार झाले आणि मग पलंगावर बसून राहिले. मला वाटलं, तिथे सगळ्यांसमोर तुम्ही माझा हात धराल, मला मान हलवावी लागेल, आणि झालं, माफ केलं असं होऊन जाईल. तेवढं मला द्यायचं नव्हतं. चार वाजता प्रकाशचा पुन्हा फोन आला.

घाटावरून परतताना काकूंनी माझा हात धरला. विचारलं, तुमचं काय बिनसलं होतं गं. मी म्हणाले, काही नाही काकू, कामाची गडबड होती. रस्ताभर मला ते वाक्य टोचत राहिलं. माईकवर जे बोलले ते आणि हे, दोन्ही मिळून मी तुमचंच काम पुढे चालवत होते. सावंतांचं नाव अजून तिथेच होतं जिथे तुम्ही ठेवलं होतं.

रेखाचा नंबर शाळेच्या ग्रुपवर चार वर्षं पडून होता. मी त्यावर कधी बोट ठेवलं नव्हतं. परवा, नवरात्राच्या चौथ्या माळेला, मी फोन लावला. ती चिपळूणला असते, बालवाडी चालवते. माझं नाव ऐकून ती म्हणाली, बोल. मी एका दमात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले की वर्गात मी जे बोलले त्याची माफी मागते, पस्तीसेक वर्षं उशीर झाला. ती म्हणाली, "मला नको सांगू. बाबांना सांग. ते इथेच आहेत."

सावंतकाकांना कमी ऐकू येतं. मला तेच सगळं पुन्हा, मोठ्याने, तुटक तुटक सांगावं लागलं. बाळूकाकांनी नावं दिली होती. तुम्ही दिली नव्हती, सावंतकाका. ते अजिबात चकित झाले नाहीत.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "दोघंच तर उरलो होतो आम्ही. मी नव्हतो हे मला माहीत होतं."

मी विचारलं, मग तुम्ही अण्णांना का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांनी एकदा यायला हवं होतं. दारात उभं राहून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ते आलेच नाहीत. ते धरूनच चालले." मग म्हणाले, "बाळू त्यांचा होता. मी नव्हतो."

मला अण्णांचा कधी राग आला नव्हता, काका. तो पण आता येतो. तेही तुम्ही माझ्यासाठी ठेवून गेलात.

मी सांगितलं की बाळूकाका गेले, दहावा होऊन गेला. मग सावंतकाकांनी विचारलं, "शेवटी त्रास झाला का त्याला?"

मी आलेच नव्हते ना. माहीत नाही, असं म्हणाले. ते म्हणाले, विचारून कळव मला.

म्हणून काल दुपारी मी तुमच्या घरी गेले. काकू एकट्याच होत्या, जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी तुमच्या फोटोकडे न बघता त्यांच्यापाशी बसले आणि विचारलं, शेवटी काकांना फार त्रास झाला का.

"झाला गं. श्वास पुरत नव्हता त्यांना," काकू म्हणाल्या. "पर तू आज का इचारतीस?"

"मी नाही विचारत, काकू. सावंतकाका विचारतायत."

त्यांचा हात ताटातच थांबला. त्यांनी कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं. "कोण सावंत? ज्यानं तुझ्या अण्णाची नोकरी घालवली त्यो?"

"नाही, काकू," मी म्हणाले, आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले.